मस्ट, शुड आणि लोभ असावा

परवा भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते. धडा मोडल ऑक्झिलरीजचा, म्हणजे ‘मस्ट’, ‘शुड’, ‘कॅन’ अशा साहाय्यक क्रियापदांचा होता आणि रिकाम्या जागी ‘मस्टन्ट’ किंवा ‘डोन्ट हॅव टू’ यांपैकी एक भरायचे होते. तिने सगळीकडे ‘मस्टन्ट’ लिहून वही मिटली होती. “आत्या, दोन्हीकडे ‘नाही’च आहे ना, मग फरक काय?” हा तिचा प्रश्न. पुस्तकातली व्याख्या तिला दोनदा वाचून दाखवली, पण उपयोग झाला नाही. शेवटी म्हटले, आजोबा ‘विहिरीच्या काठावर जाता कामा नये’ असे दरडावतात ते ‘मस्टन्ट’, आणि ‘उद्या सुट्टी, शाळेत जावे लागणार नाही’ यातला आनंद तो ‘डोन्ट हॅव टू’. मग सगळ्या जागा तिने दोन मिनिटांत पुन्हा बिनचूक भरल्या.

तिला समजावता समजावता माझ्याच लक्षात आले की ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ यांच्यात इंग्रजी व्याकरणे जो भेद सांगतात, तो आपण दिवसभर नकळत पाळत असतो. ‘मी गेले पाहिजे’ म्हणताना निकड माझ्या मनातली असते. ‘मला जावे लागते’ म्हणताना ती बाहेरून येऊन माझ्यावर पडलेली असते, आणि कर्तेपणाच्या खुर्चीवरून उठून मी मुकाट्याने ‘मला’ होते. इंग्रजीतला ‘आय’ मात्र दोन्ही वेळा ताठ उभाच. शिवाय ‘पाहिजे’ आणि ‘मस्ट’ ही दोन्ही जुनी खोडे आहेत. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे जुन्या मराठीतले कर्मणी रूप, तर ‘मस्ट’ हे मुळात एका विस्मृत क्रियापदाचे भूतकाळी रूप. म्हणूनच त्याला आज स्वतःचा भूतकाळ उरलेला नाही आणि काल जावे लागले हे सांगायला इंग्रजीला ‘हॅड टू’ उसने घ्यावे लागते. ‘कॅन’ तर आपल्या ‘जाणणे’चा दूरचा भाऊबंद आहे, कारण दोघांचे मूळ एकच. गंमत अशी की पोहण्याच्या बाबतीत आपण ‘जाणणे’ बाजूला ठेवतो आणि ‘मला पोहता येते’ म्हणतो, जणू पोहणे आपल्या पायांनी चालत आपल्याकडे आले आहे.

आमच्या शाळेत या क्रियापदांची फारशी चौकशी होत नसे. ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकी सर्वांना ‘विल’, एवढे घोकले की काम भागे. इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणातला हा नियम आमच्या बाकापर्यंत कसा पोहोचला असेल, याचे मला आजही नवल वाटते. त्यातले सोपे अर्धेच आमच्या वाट्याला आले. ‘आय विल’ म्हटले की निश्चय किंवा वचन होते, हे उरलेले अर्धे कोणी सांगितले नाही.

त्याची किंमत पहिल्या नोकरीत मोजली. ‘सोमवारपर्यंत उत्तर मिळावे’ असे साहेबांनी मराठीत सांगितले आणि मी परदेशी ग्राहकाला ‘यू मस्ट रिप्लाय बाय मंडे’ असे टंकून पाठवले. माझ्या कानाला ‘मिळावे’तली अदबच ऐकू येत होती, समोरच्याला नोटीस आल्यासारखे वाटले. आमच्याकडून काही आगळीक झाली आहे का, अशी त्याने साहेबांकडे विचारणा केली. मराठीतला हा ‘मिळावे’, ‘असावे’सारखा विध्यर्थ फार कामसू आहे. ‘मुलांनी खरे बोलावे’ यात तो कर्तव्य सांगतो, ‘तो घरी असावा’ यात अंदाज बांधतो, ‘आपण यावे’ यात हात जोडतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक कामाला वेगळा माणूस, आणि चुकीचा माणूस पाठवला की निरोपाचे भांडण होते.

अभ्यास संपल्यावर भाचीने कपाटातले माझ्या आजोबांचे पिवळे पडलेले पोस्टकार्ड काढले आणि शेवटची ओळ इंग्रजीत करून पाहूया म्हणाली : ‘कळावे, लोभ असावा.’ ‘मस्ट’ लावले तर दटावणी झाली, ‘शुड’ लावले तर उपदेश. ‘मे’ लावल्यावर ती स्वतःच हसली, कारण आजोबा एकदम आशीर्वाद देणारे पाद्री वाटू लागले. मग तिने बाकीचे पत्र इंग्रजीत उतरवले आणि ती एक ओळ होती तशीच वहीत मराठीत लिहिली.