जून 2022 चे अकराशे ऐंशी रुपये

मार्च 2024 मध्ये बेलिफ दुकानात आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. त्याने समन्स पुढे केलं, सही घेतली आणि गेला. सोबत दाव्याची प्रत होती. क्रेडिट कार्डाची थकबाकी, व्याजासह 1 लाख 46 हजार रुपये. वादी बँक नव्हतीच. बँकेकडून ती थकबाकी विकत घेतलेली एक कंपनी होती.

कार्ड माझंच होतं, हे आधी सांगते. 2017 साली ओव्हरलॉक मशीन त्यावर घेतलं. पुढच्या वर्षी यजमानांचं ऑपरेशन झालं आणि सगळं कोलमडलं. ऑगस्ट 2018 मध्ये शेवटचे पैसे भरले, सप्टेंबरचं बिल चुकलं ते चुकलंच. तेव्हा मुद्दल साडेअडतीस हजारांच्या आसपास होतं. घरात कोर्टाचा कागद येणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी येतो त्यालाच कळतं. दोन दिवस मी सासूबाईंनाही सांगितलं नाही.

जाऊबाईंच्या मुलाने मात्र लगेच सांगितलं, "काकू, घाबरू नका, तीन वर्षं उलटली की दावा चालत नाही. कोर्टात जायचीसुद्धा गरज नाही." यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा अर्धा ऐकला असता तर मी बुडाले असते. मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतीबाहेरचा दावा कोर्टाने फेटाळायचा असतो. पण कोर्टापुढे कागद असतात ते वादीचे. आपण गैरहजर राहिलो तर त्या कागदांना खोटं कोण पाडणार? एकतर्फी हुकूमनामा होतो तो असाच.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथला मोफत वकील फक्त अगदी गरिबांना मिळतो असं मी समजत होते. स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. अर्ज, ओळखपत्र आणि समन्सची प्रत दिली, आणि पॅनेलवरच्या वकील मॅडम मिळाल्या. (15100 या क्रमांकावर फोन करूनही ही मदत मागता येते.)

मॅडमनी कागद उघडायच्या आधी विचारलं, "ताई, या लोकांना काही लिहून दिलंय का? कुठे सही?"

त्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला, कारण थोडक्यात वाचले होते. समन्सच्या तीन महिने आधी वसुलीवाल्या माणसाचे रोज फोन यायचे. "मॅडम, फक्त पाचशे टाका आणि व्हॉट्सअॅपवर लिहा की बाकीचे भरीन, मी फाईल थांबवतो." मी मेसेज अर्धा टाइप केला होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो राहून गेला. मॅडम म्हणाल्या, मुदत चालू असताना सही करून कर्ज लेखी कबूल केलं तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजतात. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने तसं होत नाही, पण "मी हे पैसे देईन" असं सहीनिशी वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा करारच ठरतो. हा माणूस पाचशे रुपयांसाठी इतका का मागे लागला होता, ते मला तेव्हा समजलं.

मग हिशेब. माझ्या मते सप्टेंबर 2021 ला तीन वर्षं संपली होती. मॅडमनी मान हलवली. करोनामुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे. करोनाआधी साधारण दीड वर्ष गेलेलं, उरलेलं दीड वर्ष 1 मार्च 2022 पासून पुढे. म्हणजे मुदत संपली ऑगस्ट 2023 मध्ये. दावा दाखल झाला होता फेब्रुवारी 2024 मध्ये. मी अडीच वर्षं समजत होते, ती सहा महिन्यांवर आली. तरी सहा महिने होते. आणि कर्ज दुसऱ्याने विकत घेतलं म्हणून मुदत त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

पण दाव्याच्या सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं: प्रतिवादीने 14 जून 2022 रोजी 1,180 रुपये भरले, सबब दावा मुदतीत आहे. म्हणजे तीन वर्षं त्या भरण्यापासून नव्याने मोजायची, असं त्यांचं म्हणणं.

मी भरले नव्हते. मॅडम म्हणाल्या, दावा सुरुवातीलाच फेटाळा असा अर्ज करून उपयोग नाही, त्या टप्प्यावर कोर्ट फक्त दाव्यात काय लिहिलंय ते बघतं, आणि दाव्यात पैसे भरल्याचं लिहिलंय. खोटं आहे हे पुराव्यानेच दाखवावं लागेल.

त्या रात्री मी त्यांच्या खातेउताऱ्याच्या प्रती घेऊन बसले. 1,180 हा आकडा मला खटकत होता. असे पैसे कोण भरतं? हजार भरेल, बाराशे भरेल. दुकानाच्या बिलांमुळे जीएसटीची सवय आहे, म्हणून हजारावर अठरा टक्के लावून बघितले. एकशे ऐंशी. मग मागची पानं चाळली तर मे महिन्यात उशिराचा दंड 1,000 आणि त्यावर जीएसटी 180 लावलेला सापडला. जूनमध्ये त्यांनी स्वतःच लावलेला दंड स्वतःच परत जमा केला होता, आणि तीच नोंद माझा भरणा म्हणून दाव्यात घातली होती. मला रडू आलं. रागाने आलं.

कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, कोर्ट ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. आम्ही सव्विसाव्या दिवशी दिली. मला त्यात ऑपरेशनचं, अडचणीचं सगळं लिहायचं होतं. मॅडमनी लिहू दिलं नाही. कार्ड घेतल्याचं कबूल, रक्कम नाकबूल, जूनचा भरणा नाकबूल, दावा मुदतबाह्य. परिच्छेदागणिक उत्तर, कारण जे स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य धरलं जाऊ शकतं. सोबत माझ्या बँकेचा त्या महिन्याचा शिक्का मारलेला उतारा जोडला.

पुढे तारखांवर तारखा. त्यांचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बोर्ड बघायचा, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन दुकान उघडायला परत यायचं. मधे एकदा त्यांच्या वकिलांनी लोकअदालतीत साठ हजारांत मिटवा म्हणून सुचवलं. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून मी नको म्हटलं.

उलटतपासात मॅडमनी कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारलं, जूनचे पैसे रोख आले की खात्यातून? सांगता येत नाही. पावती? रेकॉर्डवर नाही. प्रतिवादीची सही असलेला एखादा कागद? नाही. मग मे महिन्यातली दंडाची नोंद दाखवली. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

दावा मुदतबाह्य म्हणून रद्द झाला. कर्ज त्याने पुसलं जात नाही, कोर्टातून वसूल करायचा मार्ग तेवढा बंद होतो. ते माझ्या मनात आहेच. मशीन आजही त्याच कोपऱ्यात चालतं.

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल अर्ज करून घेतली आणि कपाटात ठेवली. पाच आठवड्यांनी पुन्हा फोन आला, नवा आवाज, "मॅडम, एक ऑफर आहे, फक्त मेसेजवर कन्फर्म करा." मी नक्कल काढून दावा क्रमांक आणि निकालाची तारीख वाचून दाखवली, आणि लेखी काही पाठवणार नाही असं सांगितलं.