डब्याचा धडा

२३ जून २०१८ हा शनिवार होता. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी त्या दिवसापासून सुरू होत होती, पहिल्याच चुकीला ५,००० रुपयांचा दंड होता आणि परळमधल्या आमच्या किराणा दुकानात तर डाळीपासून चिंचेपर्यंत सारे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत आधीच बांधून ठेवण्याची वर्षानुवर्षांची पद्धत होती. आदल्या रात्री त्या पिशव्या फोडून माल पुन्हा पिंपांत ओतला आणि सकाळी कागदाची थप्पी घेऊन गल्ल्यापाशी बसलो. वडील पुडीच्या दोऱ्याला गाठ मारत नसत, नुसता पीळ देत. माझ्या पुड्या गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंतही टिकत नव्हत्या.

दहाच्या सुमारास मागच्या चाळीतल्या आजी स्टीलचे तीन डबे आणि एक किटली घेऊन आल्या.

"धडा कर आणि यातच घाल रे," त्या म्हणाल्या.

डाळ-साखर पारड्यात मोजून ओतता येते. गूळ, चिंच आणि बेसन मात्र पारड्यालाच चिकटून बसतात, म्हणून रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणणे, म्हणजेच धडा करणे, भाग होते. काट्यावरचे त्यासाठीचे बटण मी क्वचितच दाबलेले. गुळाच्या डब्याचा धडा झाला, डबा उचलला आणि घाईत काटा पूर्ववत करायला विसरलो. पुढच्या काकांना अर्ध्या किलोच्या भावात ९१२ ग्रॅम साखर गेली. पुडी जड लागली म्हणून त्यांनीच काटा पूर्ववत करायला लावून ती परत ठेवली आणि रांगेत हशा पिकला. मग मी बटणाचा नाद सोडून तिन्ही डब्यांच्या बुडाशी मार्करने त्यांचे वजन लिहिले.

किटली मात्र परत करावी लागली, कारण सुटे खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे.

"म्हणजे डाळीला पिशवी नको, आणि तेलाला हवीच?" आजींच्या या प्रश्नावर मी मुकाट्याने तेलाची पिशवी पुढे केली.

आठवडाभरातच किराणा दुकानदारांना पॅकिंगसाठी सशर्त सवलत मिळाली आणि अर्धी गिऱ्हाइके पुन्हा हात हलवत येऊ लागली. पुढच्या महिन्यात आजी आल्या तेव्हा घासून-घासून मार्करचा आकडा पुसलेला असणार, असे मी गृहीत धरले होते. त्यांनी डबा उलटा करून दाखवला. भांडीवाल्याकडून कोरून घेतलेल्या यजमानांच्या नावाखाली, त्याच बारीक ठिपक्यांत, '४१२' कोरलेले होते.