शंभर टक्के हेल्थ आणि चाळीस टक्क्यांवर बंद

ऑनलाइन मागवलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून पुन्हा विकलेला) आयफोन १२ आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर आला तेव्हा तक्रार साधी होती: चार्ज चाळीस टक्के असताना फोन अचानक बंद पडतो. चार्जरला लावला की लगेच चालू होतो, आणि आकडा पुन्हा तीस-चाळीसच्या आसपास. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता, मात्र १०० टक्के. विक्रेत्याचं म्हणणं होतं की हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली गेली तरच बॅटरी वॉरंटीत बदलून मिळेल. म्हणजे ज्या आकड्यावर संशय, त्याच आकड्यावर वॉरंटी अडलेली.

पहिल्या तपासणीत सगळं चोख निघालं. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आलेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), सिम ट्रेवर कोरलेला आणि बिलावरचा, तिन्ही एकच. सेटिंगमधल्या अबाउटमध्ये मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर ‘एम’, म्हणजे हा नग मुळात नवा म्हणून विकला गेला होता. ॲपलने स्वतः रिफर्बिश केलेल्या फोनला तिथे ‘एफ’ असतो आणि बदली म्हणून दिलेल्याला ‘एन’. या मॉडेलमध्ये बॅटरी, स्क्रीन किंवा कॅमेरा बदललेला असेल तर अबाउटमध्येच ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी’ असा विभाग येतो, आयओएस १५.२ पासून ही सोय आहे. इथे तो विभागच नव्हता. कागदोपत्री बॅटरी कंपनीचीच, आणि जवळपास नवी.

मग फोनला कामाला लावला. ब्राइटनेस पूर्ण, फ्लॅशलाइट चालू ठेवून फोर-के रेकॉर्डिंग. निरोगी बॅटरीचा आकडा एकेक टक्क्याने उतरतो. हा ५२ वरून थेट ४६, मग ४१, आणि स्क्रीन काळी. कारण असं की सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. फोन नुसता पडून असताना व्होल्टेज ठीक दिसतं, पण कॅमेरा आणि प्रोसेसरने एकदम जास्त करंट ओढला की ते धाडकन खाली येतं, फोनला लागणाऱ्या किमान पातळीच्या खाली गेलं की बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो. भार निघाला की व्होल्टेज परत वर चढतं, म्हणून चार्जर लावताच चाळीस टक्के दिसतात. थंडीत हा प्रकार आणखी वाढतो.

रिटर्नची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे फोन आणणाऱ्या ताईंची लेखी संमती घेऊन तो उघडला. (मुदत बाकी असेल तर उघडू नयेच, ‘बाहेर उघडला’ एवढ्या कारणावर दावा नाकारला जातो.) खालचे दोन पेंटालोब (पाच पाकळ्यांच्या खाचेचे) स्क्रू काढले, कडा हीट मॅटवर गरम केल्या, सक्शन कप लावला. स्क्रीन फारसा जोर न लावता सुटली, तिथेच पाल चुकचुकली. कंपनीचा काळा गोंद चौकटीभर सलग असतो; इथे कोपऱ्यांत पातळ दुपदरी टेपचे तुकडे होते. पाणी अडवणारं सील गेलेलंच होतं.

बॅटरीवरचं लेबल अस्सल वाटलं: क्षमता २८१५ एमएएच, ३.८३ व्होल्ट. वरच्या कडेची टेप उचलली तेव्हा खरी गोष्ट दिसली. सेलच्या दोन निकेल पट्ट्या जिथे छोट्या सर्किटला जोडतात तिथे कारखान्यात स्पॉट वेल्डिंगचे बारीक, एका रांगेतले ठिपके असतात. इथे सोल्डरचे दोन ओबडधोबड गोळे होते, शेजारी फ्लक्सचा तपकिरी डाग. बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या या छोट्या सर्किटला धंद्यात बीएमएस म्हणतात. फोन ओळखतो तो सेलला नाही, या बीएमएसवरच्या चिपला. मूळ बॅटरीचं बीएमएस कापून दुसऱ्या सेलला जोडलं की फोनला बदल कळतच नाही. पुढे प्रोग्रामरवर (चिपमधली नोंद बदलणाऱ्या यंत्रावर) लावून चार्ज सायकल शून्य आणि हेल्थ शंभर लिहिता येते. सेल चांगला घातला असता तर एक वेळ चाललं असतं; डिस्चार्ज टेस्टरवर हा सेल जेमतेम १९०० एमएएच निघाला. शिवाय लिथियम सेलच्या टॅबवर तापलेलं सोल्डरिंग आयर्न धरणं धोक्याचं आहे. आतला पडदा दुखावला की सेल फुगतो, शॉर्ट झाला तर पेटतो. ही लबाडी खिशात घेऊन माणूस फिरतो, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून फोन हातात पडल्यापासून मुदतीच्या आत ही चाचणी घरीच करा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, त्यात सीरियल नंबर यायला हवा. शंभर टक्के चार्ज करून पंधरा मिनिटं फोर-के रेकॉर्डिंग, मग तीस टक्क्यांच्या आसपास पुन्हा तेच. आकडा उड्या मारत उतरला, चार्जर काढताच एका मिनिटात ९६ वर आला, किंवा एक टक्क्यावर बराच वेळ अडून बसला, तर बॅटरी आणि तिचं मोजमाप यांचा मेळ नाही. दुसऱ्या फोनने चित्रीकरण करून लगेच दावा टाका.

आणि फोन कोरा दिसला तरी स्वतः एकदा पूर्ण रीसेट करून वायफायवर सेटअप करा. फोन आधी एखाद्या कंपनीचा असेल आणि तिचा दुरून ताबा ठेवणाऱ्या ‘रिमोट मॅनेजमेंट’चं कुलूप विक्रेत्याने नुसतं टाळलेलं असेल तर ते तेव्हाच वर येतं. अँड्रॉइडमध्ये वेगळी खोड सापडते: ओलेड स्क्रीनच्या जागी स्वस्त एलसीडी. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र लावा. ओलेड विझल्यासारखा दिसतो, एलसीडी राखाडी उजळतो. स्क्रीनखालचा ऑप्टिकल फिंगरप्रिंट एलसीडीमागून वाचूच शकत नाही, त्यामुळे तो पर्याय चालत नसेल तर कारण बहुधा हेच.

या फोनला अस्सल बॅटरी घातली, आयओएस १८ मधल्या रिपेअर असिस्टंटने ती नोंदवली, आता हिस्टरीत ‘जेन्युइन’ दिसते. नवं सील लावलं, तरी पाण्यापासून जपायला ताईंना सांगितलं, कारण उघडलेल्या फोनची आयपी ६८ ची (धूळ-पाणी अडवण्याच्या दर्जाची) हमी आमच्या टेबलावर देता येत नाही. सोल्डरचे फोटो, टेस्टरचं रीडिंग आणि सीरियल नंबर एका कागदावर सही-शिक्क्यासह दिले. विक्रेत्याकडे तक्रार त्याच कागदावर गेली.