रीकचा रविवार

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या आमच्या ऑफिसातली जी सहकारीण मला रीकवर घेऊन गेली, ती लग्न आणि मयत सोडलं तर चर्चची पायरी चढत नाही. २०१५ साली समलिंगी विवाहाच्या बाजूने आणि २०१८ साली गर्भपातबंदी उठवण्याच्या बाजूने तिने सार्वमतात मत दिलं. दोन्ही वेळा वडिलांशी कडाक्याचं वाजलं. पण जुलैचा शेवटचा रविवार आला की बापलेक एकत्र डोंगर चढतात, त्यात खंड नाही. मग जातेस कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "आजी जायची."

रीक म्हणजे क्रो पॅट्रिक. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो परगण्यात, क्ल्यू बेच्या काठाशी उभा असलेला ७६४ मीटरचा सुळका. इसवी सन ४४१ मध्ये, या देशात ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत पॅट्रिकने याच्या माथ्यावर चाळीस दिवस उपास केला अशी श्रद्धा. डोंगराची ओढ मात्र त्याहून जुनी. ऑगस्टच्या तोंडावर इथे लू देवाच्या नावाचा लूनासा हा सुगीचा सण असायचा. जुलै हा भुकेचा महिना, जुना साठा संपलेला आणि नवं पीक अजून शेतातच. बटाटा या देशात रुजल्यावर याच सुमाराला पहिले बटाटे उकरायचे, असा रिवाज पडला. देव बदलला, तिथी राहिली. कोकणातल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी पायथ्याच्या मरिस्क गावाला पोचलो तेव्हा गाड्यांची रांग वेस्टपोर्टच्या रस्त्यावर लांबवर गेली होती. कडेला काठ्या विकणारे बसले होते. सहकारिणीचे वडील वाटच बघत होते. पंचाहत्तरीचे, काटक, दातात विझलेला पाइप. माझा हात हातात घेऊन पहिला प्रश्न: "तुझी माणसं कुठली?" या देशात नोकरीधंदा नंतर, आधी परगणा, मग गाव, मग आजोळ. मी म्हटलं, सिंधुदुर्ग, मालवणच्या जवळ. "म्हणजे लिओच्या बापाकडचा!" लिओ वराडकर दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले, त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. आपण त्यांच्या पक्षाला जन्मात मत दिलेलं नाही हेही म्हातारबुवांनी लगोलग ऐकवलं. पण गाव लागलं होतं. त्यानंतर भेटेल त्याला त्यांनी माझी ओळख वराडच्या शेजारचा म्हणूनच करून दिली.

डोंगराला लागायच्या आधी त्यांनी आम्हाला रस्त्यापलीकडे नेलं. तिथे ब्राँझचं एक जहाज आहे, शिल्पकार जॉन बीहन यांचं. जवळ गेलं की कळतं, दोरखंडांच्या जागी माणसांचे सापळे गुंफले आहेत. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी त्याचं अनावरण केलं, त्याही मेयोच्याच. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तेवढीच बोटीत बसून गेली. बोटीतलीही सगळी पलीकडे पोचली नाहीत. मेयोत १८४१ साली ३,८८,००० च्या वर वस्ती होती, दहा वर्षांनी २,७४,००० उरली. आज ती १,३८,००० च्या आसपास आहे. पावणेदोनशे वर्षांत हा परगणा पुन्हा भरलेलाच नाही. "आधी हे, मग पॅट्रिक," एवढंच म्हणून म्हातारबुवा वळले.

पायथ्याशी पॅट्रिकचा १९२८ सालचा पांढरा पुतळा आहे, तिथून वाट चढू लागते. पहिला टप्पा ओढ्याच्या कडेने, बरा. खिंडीच्या पुढे, सुळक्याच्या तळाशी पहिलं 'स्टेशन', म्हणजे प्रार्थनेचा थांबा, लागतं. पॅट्रिकचा शिष्य बेनिग्नस याच्या नावाची ती दगडांची रास आहे. तिला उजवी घालून सात फेऱ्या. तोंडाने सात वेळा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', सात वेळा 'नमो मरिये' आणि एकदा विश्वासांगीकार. सहकारिणीला ओळी अर्ध्यामुर्ध्याच आठवत होत्या, पण फेऱ्या मोजून सात. मी नुसता मागून चाललो. तू कोण, कुठल्या धर्माचा, असं कुणी विचारलं नाही. विचारायला कुणाच्या अंगात दमही नव्हता.

कारण पुढे सुळका होता. सुट्या दगडांची घसरण, एक पाऊल वर तर अर्धं खाली. अलीकडच्या वर्षांत डोंगरावरचेच दगड बसवून वाट नीट केली आहे, त्याने फार फरक पडला म्हणतात. माझ्या मांड्यांना तो जाणवला नाही. मेयो माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक जागोजागी उभे होते. उतरणारा प्रत्येक जण चढणाऱ्याला "आता थोडंच राहिलं" म्हणत होता आणि धडधडीत खोटं बोलत होता. आमच्या पुढे मेयोची हिरवी-लाल जर्सी घातलेला एक पोरगा चालला होता, अनवाणी. पूर्वी अनेक जण असेच चढत, तेही रात्री. नवस कसला म्हणून विचारलं तर म्हणाला, फुटबॉल. मेयोने १९५१ नंतर ऑल-आयर्लंड, म्हणजे परगण्या-परगण्यांमधली गेलिक फुटबॉलची स्पर्धा, जिंकलेली नाही. त्या साली जिंकून परतणाऱ्या संघाने वाटेत एका अंत्ययात्रेचा मान राखला नाही आणि शाप लागला, अशी दंतकथा आहे. तिच्यावर विश्वास नाही असं म्हणणारा मेयोकर मला अजून भेटायचा आहे, तोंडाने कोण काय म्हणतो ते सोडा.

माथ्यावर ढगात एक छोटं पांढरं चॅपल आहे, १९०५ मध्ये बांधलेलं. त्याच्या आधीच्या दगडी प्रार्थनास्थळाचे अवशेष १९९० च्या दशकातल्या उत्खननात सापडले. त्याचा काळ साधारण इसवी सन ४३० ते ८९० ठरला आहे. काचेमागे फादर मिस्सा म्हणत होते. बाहेर कुणी गुडघ्यावर, कुणी सँडविच खात, कुणी दोन्ही. दुसरं स्टेशन इथेच: चॅपलला पंधरा फेऱ्या आणि मग पॅट्रिकच्या शेजेला सात. ही शेज म्हणजे दगडांत आता कठडा घातलेली एक जागा. ढग फाटला की खाली क्ल्यू बेमधली बेटं दिसायची. वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५, असं इथे सांगतात. प्रत्यक्षात तेवढी नाहीत, पण मोजायला जातो कोण.

तिथेच अमेरिकेतल्या क्लीव्हलँडहून आलेली एक बाई भेटली. आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईचे चाकरमानी लोटतात, तशी रीकच्या रविवारी गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं येतात. फरक इतकाच की यांना घर कुठं होतं ते शोधावं लागतं. तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत ग्रिफिथच्या मोजणीतल्या एका पानाची प्रत होती. १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी सगळ्या देशातल्या घर-जमिनीची ही नोंद झाली: कूळ कोण, जमीनदार कोण, किंमत किती. आज आयरिश वंशावळ शोधणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दफ्तरखाना जळून खाक झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनांची जवळजवळ सगळी पानं गेली. अख्ख्या देशाची १९०१ च्या आधीची एकही जनगणना शिल्लक नाही. तिच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव त्या पानावर होतं, वाडीचं नावही होतं. आदल्या दिवशी ती तिथे जाऊन आली होती. "एक भिंत आहे," म्हणाली, "आणि खाजकुयल्या."

म्हातारबुवांनी पान डोळ्यांजवळ धरून वाचलं. वाडी त्यांना ठाऊक होती. "तिथून हा डोंगर समोर दिसतो," ते म्हणाले. "तो इथे चढलाच असणार." मग तिचा हात धरून तिला शेजेच्या फेऱ्यांना घेऊन गेले. ती मोजत होती, ते प्रार्थना म्हणत होते. तो माणूस इथे चढला होता याला पुरावा काडीचा नाही. तरी मला पिशवीतल्या कागदापेक्षा हे जास्त पटलं. कागदाने तिला जमीनदाराचं नाव आणि घराची किंमत सांगितली. त्या माणसाने पावसाळी रविवारी काय केलं असेल ते या डोंगरानेच सांगितलं. सहकारिणीचं "आजी जायची" हेही मला इथे येईपर्यंत टाळाटाळीचं उत्तर वाटत होतं.

उतरताना गुडघ्यांनी हिशेब मागितला. तिसरं स्टेशन पश्चिमेच्या उतारावर, वाट वाकडी करून. तिकडे फारसं कुणी जात नाही. म्हातारबुवा गेले, म्हणून आम्हीही गेलो. तिथे दगडांच्या प्रत्येक राशीला सात आणि सगळ्या मिळून सात फेऱ्या. या खेपेला ओळी त्यांनी मोठ्याने म्हटल्या आणि लेकीने मागून.

मरिस्कला चहा घेताना मी गर्दीचं कौतुक केलं, तर ते हसले. रविवार आता टीव्हीवाल्यांचा आणि पाहुण्यांचा, म्हणाले. त्यांचे वडील जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी चढायचे. गार्लंड फ्रायडे म्हणतात त्याला, अजून काही जुनी घरं पाळतात. पुढल्या वर्षी यायचं तर शुक्रवारी ये, आणि बूट बदल. बूट बदलले आहेत. शुक्रवारची रजा टाकायची आहे.