लांबड्याचा हिशेब

कोंबड्यांच्या ओरडण्यात भाषा असते, हे दापोलीकडे राहायला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. वर घार दिसली की तांबडी एकच लांब, दबका सूर काढते आणि पिल्लं मिळेल त्या झुडपाखाली चिडीचूप होतात. जमिनीवरून काही येत असलं तर मात्र सगळ्याजणी माना उंच करून ‘कॅक्-कॅक्-कॅक्’ असा तुटक ताल धरतात, तो थांबतच नाही. मांजर असो, मुंगूस असो की साप, ताल एकच. काय आलंय ते आपण जाऊन बघायचं.

सासूबाई जात नाहीत. पडवीतूनच “आस्तिक, आस्तिक, काळभैरव” म्हणतात आणि विचारतात, “लांबडं आहे का गं?” तिन्हीसांजेनंतर आमच्या घरात साप हा शब्द काढायचा नाही. नाव घेतलं की येतो म्हणे. मला विचाराल तर नाव न घेताही तो येतोच. रोज सकाळी मी मूठभर कणी अंगणात फेकते, त्यातली निम्मी कोंबड्यांच्या पायाखाली मातीत जाते, त्या कणीवर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागून धामण. म्हणजे आमंत्रणाची अक्षत मीच टाकते.

येणाऱ्यांतले बहुतेक निरुपद्रवी. धामण, विहिरीच्या पाटात दिवड, गवतात अंगावर दोन पिवळट रेघा ओढलेली नानेटी. कवड्याची मात्र मला दया येते. हा वीतभर-हातभर साप पालींच्या मागे भिंतीवर चढतो आणि मण्यार समजून मार खातो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, तिच्या पांढऱ्या रेघा बऱ्याचदा जोडीजोडीनं, शेपटीकडे स्पष्ट. दिवसा, चहा पिताना, हे मला तोंडपाठ येतं. रात्री बॅटरीच्या उजेडात पट्टे वाचत बसण्याइतकी शूर मी नाही. तेव्हा लांब उभं राहायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा.

आणि वाळा. पहिला पाऊस पडला की उकिरडा उकरताना कोंबड्यांना तो सापडतो. गांडुळासारखाच दिसतो, फक्त चकचकीत आणि फार चपळ. मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन मातीत राहणारा, जवळजवळ आंधळा जीव. गेल्या वर्षी दोघीजणी दोन टोकं धरून ओढत होत्या. ज्या तांबडीनं आदल्याच दिवशी धामण बघून गाव गोळा केला होता, तिनं जिंकलेला अख्खा साप शेवयीसारखा सुर्रकन आत ओढला, चोच मातीला दोनदा पुसली आणि पुढे गेली.

शिमगा झाल्यावर ही तांबडी खुडूक बसली. मांगरात, म्हणजे शेताच्या खोपीत, पेंढा घालून तिला टोपलीत ११ अंडी दिली. सासूबाई अकरा देतात किंवा तेरा, बारा कधीच नाही. २१ दिवसांचं काम. बाराव्या दिवशी ती दाणे टिपायला उठली तेव्हा मी मोजली तर आठ. तिन्ही अंडी धामणीच्या नावावर चढली. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूधही पिते, असं सासूबाईंनी तिच्या खात्यावर पूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. चोखायला सापाला ओठ-गाल कुठे असतात, हे मी एकदा सांगून पाहिलं. “तुला काय माहीत,” म्हणाल्या. खरंच, गाय आमच्याकडे नाही.

शेजारच्या काकांनी मासेमारीची जुनी जाळी आणून दिली. फुकट, मऊ, हवेशीर. मांगराच्या खालच्या फटींना ती बांधली. तिसऱ्या दिवशी दुपारी कॅक्-कॅक् सुरू झालं ते थांबेचना.

धामण जाळीतच होती. सहा फुटांच्या वर असावी. आत शिरताना जाळीच्या डोळ्यातून आली, बाहेर पडताना पोटातल्या अंड्यानं अडली. खवले मागे वळलेले, त्यामुळे मागेही जाता येईना. जितकी वळवळेल तितका नायलॉन आत रुतत होता. अंगावर ठिकठिकाणी फास, मधे बटाट्यासारखा फुगवटा. मी ओलं पोतं टाकलं आणि बसून राहिले. पाऊण तासानं सर्पमित्र मुलगा बाइकवरून आला, डोकं धरलं आणि म्हणाला, “काकू, माझे हात अडकलेत, तुम्हीच कापा.”

भरतकामाची कात्री घेऊन मी १९ फास कापले. मोजले, कारण मोजत असलं की हात कमी थरथरतो. ती मान फुगवून घशातल्या घशात गुरगुरत होती, मांजराच्या जरा वरच्या पट्टीत. उग्र वासही सोडला. पण कातडी हाताला कोरडी, गार, स्वच्छ लागली. मी घाणेरड्या ओलसर स्पर्शाची तयारी करून बसले होते. शेवटचा फास सुटला तसं त्यानं तिला गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाबाहेर, सोडलं आणि जाळी मात्र स्वतःबरोबर नेली. “साप मारला तर १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि ही जाळी मारतेच,” एवढंच बोलला.

सासूबाईंनी विचारलं, “अंडं दिलं का परत?”

त्यानंतर अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी आणली. खर्च सांगत नाही. तेवढ्यात गावठी अंडी दोन वर्षं विकत घेता आली असती. उरलेल्या सातांतून सहा पिल्लं निघाली.

टोपली साफ करायला घेतली तेव्हा पेंढ्याच्या तळाशी टरफलं मिळाली. कुरतडलेली, कडेला दातांच्या बारीक खुणा. तीन अंड्यांची असावीत इतकी. साप अंडं गिळतो, टरफल मागे ठेवत नाही. म्हणजे ती तीन उंदरांची होती. धामण बहुधा त्यांच्याच वासावर आत आली, आणि जाता जाता एक अंडं मिळालं ते घेतलं. चारातलं एकच तिचं. मी टरफलं सासूबाईंना दाखवली. त्या बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिल्या. दुधाबद्दल काही बोलल्या नाहीत.

परवा दिवेलागणीला पुन्हा कॅक्-कॅक् सुरू झालं. मी गेले, बघून आले.

“लांबडं आहे का गं?”

“हो. गेलं गडग्यात.”

“आपलंच का?”

मला दिसलं होतं ते फक्त हातभर शेपूट, तेही पळतं.

“आपलंच,” मी म्हटलं.