आठ पाहुण्यांसाठी आंतिपास्तोचा पाट : माझा अनुभव

इटलीतल्या बोलोन्या शहरात राहायला आल्यानंतर गेल्या सप्टेंबरात आम्ही प्रथमच आठ जणांना घरी जेवायला बोलावले. मुख्य जेवणात कोंबडी-वडे करायचे असल्यामुळे स्वयंपाकघरात माझी धावपळ होणारच होती. म्हणून जेवणाआधीच्या ‘आंतिपास्तो’साठी, काहीही शिजवावे न लागणारा, खारवून मुरवलेल्या मांसाचा लाकडी पाट मांडायचे ठरवले.

आदल्या शनिवारी सराव म्हणून घरच्यांपुरता एक पाट मांडला आणि तो साफ बिघडला. दुपारी चारलाच मांडून ठेवल्यामुळे आठ वाजेपर्यंत प्रोशुतोच्या, म्हणजे डुकराच्या खारवून मुरवलेल्या तंगडीच्या पातळ कापांच्या, कडा सुकून वर वळल्या. त्याचे काप ज्या ग्रिसिनींना, म्हणजे पावाच्या कुरकुरीत काड्यांना, गुंडाळले होते, त्या ओलाव्याने मऊ पडल्या.

म्हणून खऱ्या दिवशी तयार पाकिटे न घेता संध्याकाळी गल्लीतल्या ‘सालुमेरिया’त, म्हणजे अशा मांसाच्या दुकानात, गेले. तिथे माल ‘एत्तो’वर, म्हणजे शंभर ग्रॅमच्या मापाने, मागतात. माणशी साठेक ग्रॅम पुरतात, असे दुकानातल्या बाईंनी सांगितल्यावर मी दोन एत्तो पार्मा या गावचा प्रोशुतो, दीड एत्तो सलामी (मुरवलेले सॉसेज) आणि दीड एत्तो मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज) घेतला. पार्माच्या प्रोशुतोत डुकराची मागची तंगडी आणि मीठ यांखेरीज काहीही नसते. तो किमान 14 महिने मुरतो, आणि पारखणारा माणूस घोड्याच्या हाडाची सुई मांसात खुपसून तिचा वास घेतो, मगच त्यावर पाच टोकांच्या मुकुटाचा छाप पडतो. बाईंनी काप इतके पातळ काढले की त्यांखालचा कागद दिसत होता. कडेची पांढरी चरबी काढू नका, चवीचा गोडवा तिच्यातच असतो, असेही त्यांनी बजावले. मोर्तादेल्ला मुरवलेला नसतो, तो मंद आचेवर शिजवतात; पण तो बोलोन्याचीच खासियत, तेव्हा इथे राहून तो पाटावर न ठेवणे मला पटेना, म्हणून त्याचा जाड तुकडा आणून घरी चौकोनी फोडी केल्या.

सजावटीत फक्त सलामीच्या गुलाबालाच थोडे कसब लागले. अरुंद तोंडाच्या पेल्याच्या काठावर सलामीची चकती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी मुडपायची, पुढची चकती तिच्यावर निम्मी चढवायची आणि असे दोन-तीन फेरे झाले की पेला पाटावर अलगद उपडा करायचा, म्हणजे फूल उमलल्यासारखे दिसते. यासाठी सलामी गारच हवी. चरबी सैल झाली की चकत्या बोटांना चिकटतात. प्रोशुतोची घडी घातली नाही. एकेक काप वरून सैल सोडला, तेव्हा त्याच्या आपोआप चुण्या पडल्या. मधल्या जागेत चिरलेली अंजिरे, पार्मेझान चीजचे ओबडधोबड तुकडे आणि ऑलिव्ह ठेवले. आईने पाठवलेले लिंबाचे गोड लोणचेही एका वाटीत ठेवले, आणि खारट प्रोशुतोबरोबर ते फार छान लागले.

पाहुण्यांपैकी एक जण डुकराचे मांस खात नसल्यामुळे वाल्तेल्लिना खोऱ्यातला ब्रेझाओला, जो खारवून मुरवलेल्या गोमांसाचा असतो, वेगळ्या ताटलीत वेगळ्या चिमट्यासह ठेवला.

पाट पाहुणे येण्यापूर्वी वीस मिनिटे मांडला, त्यामुळे मांसाचा गारठा जाऊन वास खुलला. ग्रिसिनींना प्रोशुतो मात्र दारावरची घंटा वाजल्यावरच गुंडाळला. त्या सगळ्यांत आधी संपल्या, म्हणून पुढच्या वेळी त्या दुप्पट आणणार आहे.