साइनची दोरी

शाळेत त्रिकोणमितीतल्या साइनने बहुतेकांना घाम फोडलेला असतो. सर्दीने ठणकणाऱ्या सायनसशी त्याचं रक्ताचं नातं आहे, हे मात्र तेव्हा कोणी सांगत नाही. खरं तर जन्मतः ते नव्हतंच. नंतर जुळलं, तेही वाचण्याच्या घोटाळ्यातून.

वर्तुळाचा कंस हे धनुष्य धरलं, तर त्याची टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी. संस्कृतात ज्या किंवा जीवा. आपल्या भूमितीत अजून जीवाच आहे. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ अख्ख्या जीवेची कोष्टकं करायचे. आर्यभटाने अर्धी घेतली आणि इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त तिच्या लागोपाठच्या किमतींमधले २४ फरक एकाच श्लोकात कोंबले, तेही अंकांऐवजी अक्षरांत! ‘अर्धज्या’तलं ‘अर्ध’ पुढे वापरता वापरता गळलं.

हे गणित अरबीत गेलं तेव्हा जीवेचं झालं ‘जीबा’, कारण अरबीत ‘व्ह’चा उच्चार नाही. भाषांतर कोणी केलं नाही, नुसता आवाज उचलला. अरबीत या शब्दाला काही अर्थ नव्हता. त्यात त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. मराठीतले काना-मात्रा पुसून वाचायला बसा, म्हणजे कल्पना येईल. त्याच अक्षरांचा ओळखीचा शब्द होता ‘जैब’, म्हणजे अंगरख्याचा गळा, छातीवरची चुणी. हिंदीतली खिशाची ‘जेब’ याच घरातली. वाचणाऱ्यांनी ओळखीचा शब्द जवळ केला.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये येऊ लागले. तिथल्या भाषांतरकारांनी प्रामाणिकपणे अर्थ केला: सायनस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वस्त्राची चुणी, खोलगट जागा, खाडीसुद्धा. नाकाजवळच्या पोकळ्यांना शरीरशास्त्रज्ञांनी पुढे हाच शब्द लावला. इंग्रजीने गणितातल्या सायनसचं शेपूट कापून साइन केलं.

इथवर आलं की अभिमानाला भरतं येतं आणि कोसाइनमधला ‘को’ही आपल्या ‘कोटिज्या’ या कोसाइनच्या संस्कृत नावातलाच, असं कोणीतरी ठोकून देतं. मोह मलाही होतो, पण तो ‘को’ लॅटिनचा आहे: ‘कॉम्प्लिमेंटी सायनस’, म्हणजे कोटिकोनाचा, ९० अंशांना कमी पडणाऱ्या कोनाचा, साइन. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये त्याला हे आखूड रूप दिलं. कोटिज्येचा अर्थही नेमका हाच, पण ‘को’ मात्र तिच्याकडून आलेला नाही.